तारमुक्त वसतिगृहातली शिडी

मी शिडी बोलतेय. आठ पायऱ्यांची, घडीची, अ‍ॅल्युमिनियमची. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते तारवाल्या काकांचे खांदे. काका विद्यापीठाच्या संगणक विभागात काम करायचे. मुलींच्या वसतिगृहात एकशे वीस खोल्या, आणि माझ्यावर चढून त्यांनी प्रत्येक खोलीत इंटरनेटची तार ओढली होती. टेबलाशेजारी भिंतीत एक सॉकेट, त्यात वायर खोचली की काम सुरू. सगळं इतकं बिनबोभाट चालायचं की काकांची कुणाला आठवणसुद्धा व्हायची नाही.

मग नवे संचालक आले. त्यांच्या पहिल्या बैठकीला मीही हजर होते, कारण काका तिथे माझ्यावर चढून प्रोजेक्टर बसवत होते.

"या जमान्यात तारा?" संचालक म्हणाले. "आपण वसतिगृह पूर्ण तारमुक्त करू. फक्त वायफाय!"

समितीत सात जण होते. सहा जणांनी मान डोलावली. सातवे मोबाईलमध्ये होते, त्यांनी जरा उशिरा डोलावली.

काका सहाव्या पायरीवरून म्हणाले, "साहेब, खोलीत एक तरी तार असू द्या. शिवाय वायफायच्या डबीलाही मागून तार लागतेच."

"काका, तुम्ही प्रोजेक्टरचं बघा."

पाहणी झाली ती सुट्टीत. इमारतीत एकही मुलगी नाही. रंगकाम चालू, म्हणून कपाटंही अंगणात आणि सगळी दारं सताड उघडी. व्हरांड्यात वायफायची एक डबी तात्पुरती टांगून संचालक लॅपटॉप हातावर धरून हिंडत होते, जसं काही बाळाला फिरवायला आणलंय. "इथे रेंज फुल्ल! इथेही फुल्ल!"

वॉर्डनबाई वीस वर्षं त्याच इमारतीत राहत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, दारं लावून बघू या का? लोखंडी आहेत. आणि मुली आल्या की एकेकीकडे तीन-तीन यंत्रं असतात हो."

"बाई, रिकाम्या इमारतीत इतकं झकास चालतंय, मग भरल्यावर का नाही चालणार?"

हे ऐकून माझे स्क्रू सैल झाले.

दहा खोल्यांमागे एक डबी, तीही बाहेर व्हरांड्याच्या छताला, असं ठरलं. खोल्यांत बसवल्या असत्या तर नवा रंग खराब झाला असता. शिवाय व्हरांड्यातल्या डब्या नकाशावर एका रांगेत सुरेख दिसत होत्या. भिंतींतल्या जुन्या तारा काढून टाकायचा हुकूम निघाला. काकांनी स्वतः ओढलेल्या तारा स्वतःच्या हाताने उपसल्या. एरवी चढता-उतरता त्यांची बडबड चालायची, त्या चार दिवसांत मात्र ते नुसती तारांची वेटोळी मोजत होते.

मुली परतल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात व्हरांड्यात छावणी पडली. उशा, पांघरुणं, पाण्याच्या बाटल्या. खोलीचं दार लागलं की नेट गायब, म्हणून सगळ्या डबीखाली भिंतीला टेकून बसलेल्या. तिथेही गर्दीमुळे सगळं अडकत-अडकत चालायचं.

शेवटच्या कोपऱ्यातल्या खोलीतली एक वेणीवाली मुलगी एका सकाळी काकांकडे आली. परदेशातल्या संशोधनाच्या जागेसाठी दुपारी तिची मुलाखत होती, संगणकावरून. सरावात तिचा चेहरा पडद्यावर आ वासून थिजला होता.

"काका, दोन वर्षं वाट बघितलीय हो या मुलाखतीची."

काकांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उंचीची भीती वाटते?"

"वाटते ना."

"मग खाली बघू नकोस."

दुपारी त्यांनी डबी उतरवली आणि छतातून डबीला आलेली तार सरळ मुलीच्या लॅपटॉपला जोडली. तार जेमतेम हातभर, म्हणून मुलगी माझ्या माथ्यावर बसली. डबी बंद म्हणजे दहा खोल्यांचं नेट बंद, पण एकीनेही हूं की चूं केलं नाही. चाळीस मिनिटं मोबाईल खाली ठेवून बसलेल्या मुली मी प्रथमच पाहिल्या.

मुलाखत निम्मी झाली होती आणि संचालक पाहुणे घेऊन आले, तारमुक्त वसतिगृह दाखवायला. समोर शिडीवर मुलगी, तिच्या मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपला तार.

"हे काय चाललंय?"

"हळू बोला. मुलाखत आहे," काका कुजबुजले.

एका पाहुण्या बाईंनी वर बघून विचारलं, "ही तार कसली?"

"ती... तात्पुरती," संचालक म्हणाले.

"साहेब, शिडीचा एक पाय डुगडुगतोय," काका म्हणाले. "त्या बाजूने जरा धरता?"

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? संचालकांनी मला बावीस मिनिटं धरून ठेवलं. त्यांच्या तळव्यांचा घाम मला जाणवत होता. वर मुलीने एका हाताने माझी कड घट्ट धरली होती, आवाज मात्र खणखणीत. पलीकडून कुणी तरी विचारलं, "तुमच्यामागे छत फार जवळ दिसतंय?"

"हो, मी जरा वरच्या बाजूला बसलेय," ती म्हणाली.

तिला ती जागा मिळाली. बातमी सांगायला ती धावत आली, तेव्हा काकांनी चष्मा उगीचच तीनदा पुसला.

समितीचीही बैठक झाली. निष्कर्ष असा निघाला की रेंज उत्तम आहे, दोष दारांचा आहे. व्हरांड्यात शिडी लावायला बंदी आली आणि काकांना लेखी समज मिळाली.

पुढच्या सुट्टीत 'सघन तारमुक्त योजना' आली. आता प्रत्येक खोलीत एक डबी, आणि प्रत्येक डबीला अर्थातच एक तार. निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना काकांनी त्याच भिंतींतून पुन्हा एकशे वीस तारा ओढल्या.

"बघा काका, याला म्हणतात वायरलेस!" संचालक म्हणाले.

"हो साहेब," काका म्हणाले, आणि माझ्या सातव्या पायरीवर पोट धरून हसत सुटले.

काका आता घरी असतात. मी जिन्याखालच्या खोलीत आहे, गळ्यात 'वापरू नये' अशी चिठ्ठी. कानावर येतं की मुलांच्या वसतिगृहाचंही नियोजन सुरू झालंय, आणि पाहणी सुट्टीतच आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या समितीत असाल, तर एक विनंती आहे. परीक्षेच्या आठवड्यात जा. कोपऱ्यातल्या खोलीत, दार लावून, पलंगावर बसून बघा. तिथे राहणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. आणि एवढं जमणार नसेल, तर निदान दर मजल्यावर एक धडधाकट शिडी ठेवा.