सडपातळ पाकिटाचा देश

एका वर्तमानपत्राच्या कचेरीत चौतीस वर्षे कात्री चालवून जो माणूस निवृत्त झाला, त्याला सगळे कात्रणकाका म्हणत. त्यांचे काम ऐकायला सोपे होते. रोज सकाळी अंक उघडायचा, बातम्या कापायच्या, कोऱ्या कागदावर खळीने चिकटवायच्या, कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने तारीख घालायची आणि ज्या देशाची बातमी त्या देशाच्या खाकी पाकिटात सोडून द्यायची. संपादकांना एखाद्या देशावर लिहायची लहर आली की आतून हाक येई, "काका, अमका देश!" आणि काका तो देश त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवत. त्या देशाबद्दल तुमचे काय मत, असे मात्र चौतीस वर्षांत त्यांना एकदाही कोणी विचारले नाही.

मत तर त्यांच्याकडे होते. ते डोक्यात नव्हते, हातात होते. पाकीट नुसते उचलले की त्या देशाला किती ताप आहे हे त्यांना कळे. जिथे दंगे, संप, निवडणुका, मंत्र्यांची भांडणे, तिथले पाकीट फुगून उशीएवढे होई. जिथे सारे आलबेल, तिथले पाकीट सडपातळ राही. जगाच्या राजकारणाची इतकी सोपी किल्ली आपल्या हाती लागावी आणि ती विचारायला कोणी येऊ नये, याचे त्यांना थोडे वाईट वाटे. बोलून दाखवण्याइतके नव्हे.

पुढे कचेरीत संगणक आले आणि पाकिटे रद्दीत निघाली. काकांच्या जिवाला ते लागले. त्यांनी एक टेम्पो ठरवला आणि अकरा खोकी घरी आणली. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी खोकी मोजली, काकांकडे पाहिले, आणि खिडकीजवळचे आपले शिवणाचे मशीन ओढत ओढत स्वयंपाकघराच्या बोळात नेऊन ठेवले. मोकळ्या झालेल्या भिंतीशी खोकी रचली गेली. काकू काही बोलल्या नाहीत. काकांना ते बरे वाटले.

काकूंचा धाकटा भाऊ शेअरदलालाच्या पेढीत कामाला होता. बाजार कितीही आपटला तरी तो 'उद्या बघा' म्हणे, म्हणून त्याचे नाव तेजी पडले होते. दर रविवारी तो चहाला येई आणि चहा निवेपर्यंत बोलत राही.

"ताई, हातातल्या बांगड्या सांभाळ गं," एका रविवारी त्याने सुरुवात केली. "जगात जिकडेतिकडे आग लागलीय. लोक घाबरले की सोनं घेतात. भाव असा चढणार की मान मोडेल बघताना."

"माझी मान बरी आहे," काकू म्हणाल्या. "चहा पी."

"पण सोनं घेणं हे जुनं झालं, भावोजी. सोनं काढणारी कंपनी घ्यायची! सोनं एक पायरी चढलं की खाण तीन पायऱ्या चढते. कारण खणायचा खर्च आहे तेवढाच राहतो ना. वरची सगळी मलई आपली."

"आणि धोका?" काकांनी विचारले.

"धोका एकच. राजकारण. खाण काही खांद्यावर टाकून पळता येत नाही. सरकार फिरलं की खड्डा त्यांचा आणि कागद आपला. म्हणून देश बघून घ्यायचं." त्याने दोन कंपन्या सांगितल्या. एकीची खाण एका गाजलेल्या भांडकुदळ देशात होती, दुसरीची समुद्रापलीकडच्या एका देशात. "पहिली घ्या. दुसऱ्या देशाचं काही खरं नाही. तिथलं कोणाला काही कळतच नाही."

काका उठले. इतक्या चटकन उठलेले त्यांना काकूंनी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. तिसऱ्या खोक्यातून एक आणि नवव्यातून एक अशी दोन पाकिटे आणून त्यांनी टेबलावर ठेवली. पहिले सुतळीने बांधलेले होते आणि उचलायला दोन हात लागले होते. दुसरे त्यांनी दोन बोटांत धरून आणले.

"हा तुझा पहिला देश. मी मोजून ठेवलंय, अकरा सेंटीमीटर. दर दोन महिन्यांनी सरकार पडतं. संसदेत खुर्च्या फेकतात. खाणकामगारांचे संप तर मी कापून कापून दमलो. आणि हा दुसरा. पंचवीस वर्षांत चार कात्रणं." त्यांनी ती एकेक करून मांडली. अध्यक्षांनी एका पुलाचे उद्घाटन केले. फुटबॉलचा संघ सात शून्यने हरला. टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळाले. आणि नऊ वर्षांनी त्याच अध्यक्षांनी त्याच पुलाचे पुन्हा उद्घाटन केले.

"एकच माणूस, एकच पूल," काका म्हणाले. "यापेक्षा स्थिर काय असतं?"

तेजी हसला. हसता हसता चहा सांडला. "भावोजी, पाकिटाच्या जाडीवर शेअर घेणारे तुम्ही पृथ्वीवरचे पहिलेच!" पण पुढच्या रविवारी येताना त्याने दुसऱ्या कंपनीचे अर्ज आणले. दलाली दोन्हींवर सारखीच होती.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. पेन्शन महिन्याच्या महिन्याला संपे. शिल्लक होती ती काकूंच्या हातात, आईने दिलेल्या चार बांगड्या. घरात काकूंची म्हणावी अशी वस्तू तीच. मशीनसुद्धा अर्धे काकांच्या पगारातून आलेले होते. काकांनी विषय काढायला तीन दिवस घेतले.

"तुझं सोनं नुसतं झोपून आहे," ते शेवटी म्हणाले.

"झोपते मी. ते हातात जागंच असतं."

"तसं नाही गं. सोनं देऊन सोनंच घ्यायचं. फक्त वाढणारं. वर्षभरात तुला सहा करून देतो. मी आजवर कधी काही मागितलं का? एकदा माझं ऐकून बघ."

आजवर काही मागितले नव्हते, हे मात्र खरे होते. काकू मोरीशी गेल्या आणि साबण हातात घेतला.

डाव्या हातातल्या दोन बांगड्या सुळकन निघाल्या. उजव्या हाताने मात्र हट्ट धरला. बांगडी अंगठ्याच्या सांध्यापर्यंत येई आणि तिथे अडून बसे. काकांनी साबण लावला, तेल लावले, फिरवून पाहिली, ओढून पाहिली. त्यांच्याच कपाळाला घाम आला.

"दुखतंय का?"

"नाही. सांधे फुगलेत. इतकी वर्षं कपडे पिळून पिळून."

दुकानात गेल्यावर सोनाराने पक्कड काढली. "कापून देतो काकू, एक मिनिटाचं काम." काकूंनी हात पदराआड नेला आणि तो बाहेर काढलाच नाही. तेव्हा दोनच विकल्या गेल्या. काका थोडे खट्टू झाले. पण दोन तर दोन.

त्यानंतरचे पाच महिने काकांच्या आयुष्यात पुन्हा कधी येतील असे वाटत नाही. सोने चढले, आणि खाण खरोखरच त्याच्या तिप्पट चढली. तेजीने भर रस्त्यात त्यांचा हात धरून "भावोजी, मानलं" असे म्हटले. न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड गुंडाळून बसलेले काका आरशातल्या लोकांना जग समजावून सांगू लागले. लोक ऐकत. न्हावी तर वस्तरा थांबवून ऐके. "शांत देश ओळखता आला पाहिजे," काका म्हणत, "बाकी सगळा गलबला." आणि रोज सकाळी ते अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्या देशासाठी धुंडाळत. काहीही नसे. एक ओळसुद्धा नसे. त्यांना रोज नव्याने आनंद होई.

"विकून टाका की आता," काकू एकदा म्हणाल्या. "माझ्या दोन तरी होतील परत."

"अगं, सहा म्हटलंय ना मी."

काकू काही बोलल्या नाहीत.

मग एका मंगळवारी, नवव्या पानाच्या तळाशी, केसगळतीच्या जाहिरातीशेजारी, सात ओळी आल्या. समुद्रापलीकडच्या त्या देशाचे अध्यक्ष विश्रांतीसाठी शेजारच्या देशात गेले होते आणि विमानाचे तिकीट फक्त जायचेच काढले होते. रेडिओ केंद्र लष्कराच्या ताब्यात होते. देशातल्या सर्व खाणी आजपासून जनतेच्या मालकीच्या. शेवटच्या ओळीत लिहिले होते की, ही माहिती बोटीने आलेल्या एका प्रवाशाकडून मिळाली, कारण त्या देशात गेली अठरा वर्षे बाहेरच्या बातमीदाराला प्रवेश नाही आणि तिथली दोन्ही वर्तमानपत्रे त्याआधीच बंद करण्यात आली आहेत.

काकांनी ती बातमी दोनदा वाचली. मग हाताला दुसरे काही सुचेना म्हणून त्यांनी कात्री घेतली, बातमी कापली, चिकटवली, निळ्या पेन्सिलीने तारीख घातली. तेव्हा कुठे त्यांचे लक्ष पहिल्या पानाकडे गेले. तिथे मोठ्या अक्षरांत होते की सोन्याने उच्चांक गाठला. कारणे चार दिली होती. त्यातले तिसरे असे, की समुद्रापलीकडच्या एका देशातल्या खाणींचे काय होणार याची बाजाराला धास्ती वाटते. म्हणजे काकांच्या खड्ड्यानेच काकूंच्या बांगड्या महाग केल्या होत्या. विकलेल्या.

दुपारी तेजी आला. तो मंगळवारचा कधी येत नसे.

"भावोजी, उद्या बघा..." त्याने तोंड उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धे सोडले.

"आणि त्या पहिल्या कंपनीचं काय?" काकांनी विचारले. "भांडकुदळ देशातल्या?"

"चढली." तेजी चपलांकडे बघत म्हणाला. "कालच तिथलं सरकार पडलं. खाण चालूच आहे. तिथे काय हो, सगळे संसदेत भांडून मोकळे होतात. खाणीकडे बघायला कोणाला वेळ आहे?"

तो गेल्यावर काकांनी नवे कात्रण त्या सडपातळ पाकिटात सोडले. कोणी त्यांना रागावले असते तर बरे वाटले असते. शेवटी ते पाकीट घेऊन बोळात गेले. काकू मशीनवर कोणाचा तरी परकर शिवत होत्या. काकांनी पाकीट मशीनच्या फळीवर ठेवले.

"हे काय?"

"तुझ्या दोन बांगड्या."

काकूंनी चष्मा सारखा केला आणि सात ओळी वाचल्या. मग पाकिटातून बाकीची कात्रणे काढली आणि तीही वाचली, पूल, फुटबॉल, तिकिटे, पूल. मशीनचे चाक त्यांनी हाताने थांबवून धरले होते.

"पंचवीस वर्षांत चार बातम्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की बातमी देणाऱ्याचंच काहीतरी झालं असेल?"

"नाही," काका म्हणाले. "मला वाटलं, सुखात असतील."

"तसंच वाटणार तुम्हाला."

"म्हणजे?"

"हे मशीन सात वर्षं या बोळात आहे. उजेड नाही. दोरा ओढला की कोपर भिंतीवर आपटतं. हे बघा." त्यांनी बाही वर केली. कोपरावर एक जुना, काळसर डाग होता. काकांनी तो आधी पाहिला नव्हता. "मी कधी काही बोलले?"

"नाही."

"मग सुखातच असणार मी."

काकू उठल्या. उजवा हात पुढे करून त्यांनी अंगठा तळव्यात मुडपून घेतला, आणि दोन्ही बांगड्या, साबण नाही की तेल नाही, अलगद उतरून डाव्या हातात आल्या.

"कपाटात ठेवते. आजचा भाव ऐकून हातात घालून फिरायची सोय राहिली नाही. दोन होत्या तिथे जवळजवळ तीनची किंमत झालीय, तेजी सांगत होता."

काका बांगड्यांकडे बघत राहिले. "पण त्या तर निघत नव्हत्या."

"अंगठा आत घेतला की निघतात."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी तो बाहेर ठेवला होता."

कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज झाला. काका बोळाच्या तोंडाशी उभे होते. काकू परत आल्या तेव्हाही ते तिथेच होते, आणि त्यांना काहीतरी विचारायचे आहे हे चेहऱ्यावर दिसत होते. पण विचारायची सवय दोघांनाही नव्हती, त्यामुळे वेळ लागला.

"अजून..." काका म्हणाले, आणि खाकरले. "अजून काय काय बोलली नाहीस?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिले, सोनार नग हातात घेऊन पाहतो तसे.

"बराच वेळ लागेल सांगायला," त्या म्हणाल्या. "आधी ती खोकी हलवा आणि मशीन खिडकीशी न्या. उभ्याने नाही सांगणार मी."

काकांनी हाताला आले ते खोके दोन्ही हातांनी धरले. नेमके भांडकुदळ देशाच्या पाकिटाचे निघाले, आणि ते फार जड होते.