खणखणीत

गफ्फारने हातोडी उचलली, एक डोळा बारीक केला आणि पहिल्या चाकाच्या कडेवर टोला हाणला. चाकावरची धूळ उडाली. निंबावर बसलेल्या साळुंक्या भर्रकन उडाल्या. म्हणजे आवाज झाला होता, चांगला मोठा झाला होता. आणि गफ्फारला काय ऐकू आलं? लांब कुठं कुणी सतरंजी झटकावी, बस, तेवढंच.

"खणखणीत!" तो म्हणाला. साळुंक्यांच्या भरवशावर म्हणाला.

जानराव पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि बायकोकडे, सत्यभामाबाईंकडे, बघितलं. "पाह्य. वीस वर्षं झाली, पण लोखंड ते लोखंड."

वडनेरच्या हमरस्त्यावर, गफ्फारच्या पत्र्याच्या दुकानासमोर, निंबाच्या बुडाशी नऊ चाकं उभी होती. टायर-ट्यूब काढून बाजूला ढीग घातलेला. पाच चाकं जुनी, लोखंडी, लाल रंगवलेली, मोटारीबरोबर आलेली. विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून जानरावांच्या वडिलांनी ती मोटार घेतली होती, स्टेपनीसकट. आणि चार चाकं नवीकोरी, अल्मिनची, ओतीव, ताटासारखी चमकणारी. ती जावयाने पाठवलेली. जावई बुलढाण्याला वकील. मुंबईच्या कुठल्याशा कारखान्यात माप देऊन खास बनवून घेतली आणि वर चिठ्ठी लिहिली, कोकिळा आणि बाळ येतील ते याच चाकांवर यावेत.

झाली ना पंचाईत! पाटलांची लेक कोकिळा तीन महिन्यांचं लेकरू घेऊन उद्या सकाळी सासरी निघणार होती, आणि वाटेत होता राजूरचा घाट.

"अल्मिन म्हंजे डेगचीचा धातू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माह्या घरच्या डेगचीले नुसतं पळी लागली तं पोचा पडते. त्याच्यावर लेकराले बसवून घाट चढवू काय मी?"

"अवं, इमानं बनतात त्याची," जानराव म्हणाले.

"मंग इमानातच धाडा तिले!"

कोकिळा बाजेवर बाळाला खांद्याशी धरून बसली होती. ती हसली. "आई, उगी राह्य. चाचा ठोकून पाह्यतीन अन् सांगतीन. ते म्हनतीन तेच."

ते म्हनतीन तेच.

सगळा नांदुरा तालुका हेच म्हणायचा. गफ्फारने बावीस वर्षं आगगाडीच्या चाकांना टोले हाणले होते. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन हा पठ्ठ्या डब्यामागून डबा ठोकत जायचा. ठण्ण वाजलं की चाक चांगलं, ठप्प वाजलं की डबा बाजूला. नोकरी संपली आणि त्याने वडनेरला दुकान टाकलं, तर लोक बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेपासून पिठाच्या गिरणीच्या चाकापर्यंत सगळं त्याच्याकडे आणायचे. कानवाला मिस्त्री म्हणायचे त्याला!

आणि मागच्या रमजानमध्ये त्याने मशिदीत जाऊन बांग देणाऱ्याला झापलं होतं, "मियाँ, आवाज बसला का तुमचा? घरापर्यंत येतच नाई." तो बिचारा बघतच राहिला. घरी बायकोने, नजमुन्निसाने, कपाळावर हात मारून घेतला. "अवं, शेजारची म्हातारी बांग ऐकून उठली! डाक्तरले कान दाखवा." त्यावर हा म्हणाला, "तूच हळू बोलतं." पण त्या दिवशी त्याला कळलं होतं. कळलं, आणि त्याने ते घराबाहेर कुणालाच कळू दिलं नाही.

कसं? तर तोंडं वाचून. बोलणं ओठांवरून ओळखायचं. चाक असलं की टोला हाणायचा आणि भोवतालच्या माणसांकडे बघायचं. फुटका आवाज आला की माणसाच्या कपाळावर आपोआप एक आठी येते, दात आंबल्यासारखं तोंड होतं. त्याला स्वतःला पत्ता नसतो. गफ्फारला असायचा. आठ महिने त्याने असंच निभावून नेलं होतं.

आज मात्र त्याने दुसऱ्या चाकावर टोला हाणला आणि मान वर केली. जानराव त्याच्या तोंडाकडे बघत होते. सत्यभामाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. कोकिळा त्याच्याच तोंडाकडे बघत होती. आवाज कुणी ऐकतच नव्हतं! तो ऐकतोय ना, मग झालं. तीन कोऱ्या पाट्या. त्यांच्यावर काय वाचणार?

"कसं हाये?" जानरावांचे ओठ हलले.

गफ्फारने तोंड उघडलं. राजूरच्या घाटातलं ते वळण त्याच्या डोळ्यांपुढे आलं, जिथं रस्त्याच्या कडेचा दगडी कठडा जेमतेम गुडघ्याएवढा आहे आणि कठड्यापलीकडे सागाचे शेंडे दिसतात. झाडांचे शेंडे, खाली. आणि त्या शेंड्यांवर एक लाल चाक एकटंच घरंगळत चाललंय.

तेवढ्यात त्याला बाळ दिसलं. कोकिळाच्या खांद्यावर गाल टेकून ते चाकांकडे बघत होतं. या सगळ्या अंगणात एकटं तेच गफ्फारकडे बघत नव्हतं.

त्याने पुन्हा टोला हाणला. बाळ दचकलं. मुठी उघडल्या, डोळे मिटले, मुठी बंद झाल्या.

"खणखणीत!"

तिसरं चाक. बाळ दचकलं. खणखणीत. चौथं. दचकलं. खणखणीत. पाचवं, तेही. गफ्फारच्या जिवात जीव आला. हात सैल पडला, टोले तालात पडायला लागले. मग त्याने अल्मिनच्या पहिल्या चाकावर टोला हाणला आणि बाळाकडे बघितलं.

बाळ झोपलं होतं.

तोंड अर्धवट उघडं, लाळेचा एक थेंब कोकिळाच्या पदरावर. अंगणात हातोडी चाललीये आणि ते गाढ झोपलंय!

"तिकडं काय पाह्यता, गफ्फारभाऊ?" सत्यभामाबाई पुढं होऊन म्हणाल्या. "चाक इकडं हाये."

आपण काय करत होतो ते गफ्फारला आता दिसलं. ज्या लेकराला या चाकांवर बसायचं, त्याच्याच कानाने तो चाकं पारखत होता. आणि तीन महिन्यांच्या लेकराला काय कळतंय ठण्ण आणि ठप्प? त्याला टोला पडल्याशी मतलब. फुटक्या घागरीवर हाणला तरी ते तेवढंच दचकेल! गफ्फारने चाकाला धरलं, वाकून बघितल्यासारखं केलं आणि तसाच वाकून उभा राहिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. चाकातली भेग शोधायचा दुसराही एक इलाज असतो. रॉकेल पुसायचं, कोरडं करायचं आणि वरून कोरडा चुना भुरभुरायचा. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल चुन्यात उतरतं आणि काळी रेघ उठते. रेल्वेत नवशिक्या पोरांना हे करायला लावायचे. गफ्फार त्यांना हसायचा. कान नसलेल्यांचं काम, म्हणायचा.

तो सरळ झाला.

"पाटील," तो म्हणाला, "रॉकेल लागन. अन् चुना."

"काऊन?"

"लागन."

"अबे, तू तं आत्ताच खणखणीत म्हनला!"

गफ्फारने आत जाऊन स्वतःच रॉकेलचा डबा आणला, चुना आणला, पानाच्या डब्यातला नव्हे, भिंतीला लावायचा, आणि कानस घेऊन पहिल्या लाल चाकापुढे बसला. रंग खरवडायला लागला तर रंग संपेचना! लालखाली हिरवा, हिरव्याखाली निळा, पुन्हा लाल. दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेला रंग जानराव मोटारीच्या चाकांना लावायचे. मोटार म्हणजे घरातलं पाचवं जनावर, तिला कोरडं कसं ठेवायचं? वीस पोळ्यांचा रंग गफ्फारच्या मांडीवर पापुद्र्यांनी पडत होता.

पहिलं चाक निघालं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्याला बोल्टांच्या भोकांभोवती त्याने चुना भुरभुरला, फुंकर मारली आणि वाट बघत बसला. आधी काही नाही. मग पांढऱ्यावर एक केसाएवढी काळी रेघ उठली. एका भोकापासून निघाली, वाकडी झाली, दुसऱ्या भोकाला जाऊन टेकली.

गफ्फार त्या रेघेकडे बघत बसला. खणखणीत! याच चाकाला म्हणाला होता तो.

त्याने नखाने चुना बाजूला केला. भेगेत गंज होता, तांबडा, मुरलेला. वर्षा-दोन वर्षांची भेग. चौथ्या चाकावर त्याने चुना इतक्या घाईने भुरभुरला की चाकावर कमी पडला आणि पायजम्यावर जास्त. चौथं, पाचवं, मग चारही अल्मिनची, पुढून, मागून. कुठंच रेघ नाही. तो उकिडवा बसून एकामागून एक चाक तपासत राहिला, मागे वळला नाही, कारण मागे काय तोंडं झाली असतील ते त्याला बघायचं नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चाकाच्या पलीकडे दोन पाय येऊन थांबले. जोडवी घातलेले.

कोकिळा त्याच्यासमोर येऊन बसली होती, बाळासकट, धुळीत.

"चाचा," ती म्हणाली. ओठ मोठे हलवत, सावकाश. "बाबा मघापासून हाका मारून राह्यले तुम्हाले. पाच-सहा झाल्या."

गफ्फारने मागे बघितलं. जानराव दोन पावलांवर उभे होते. दोनच पावलांवर. हात पुढे केलेला, तसाच. सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. कुणी रागावलं नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याने मान खाली घातली. आता ही उठेल, असं त्याला वाटलं. मोटार नांदुऱ्याला दुसऱ्या मिस्त्रीकडे नेतील. उद्यापर्यंत सगळ्या तालुक्याला कळेल.

कोकिळा उठली नाही. तिने हात लांब करून त्याच्या गुडघ्याला बोट लावलं, त्याने वर बघेपर्यंत थांबली आणि मग तसंच सावकाश विचारलं, "चार जुनी चांगली, चार ह्याइनं धाडली ती चांगली. मी कोन्त्यावर बसू?"

त्याला ते नीट कळलं. शब्दन् शब्द कळला. त्याने फुटक्या चाकातल्या गंजावर बोट ठेवलं.

"पोरी, हे पाह्य. हे फुटलं त्याले दोन वरसं झाली. तरी धरून राह्यलं. लोखंड आधी वाकते, मंग तडकते, मंग कुठं तुटते. मानसाले टाइम देते. ओतीव चांगलं असते, वाईट नसते. पण जाते तं एकदम जाते, सांगत नाई." तो थांबला. "जुनीच लाव. रंग नको लावू देऊ कोनाले. अन् दर पोळ्याले माह्याकडं आन, मी चुना लावून पाह्यीन. जवाईबापूले सांग, मिस्त्री बहिरा हाये, त्याले डोळ्यानं दिसन तेच चाक पायजे."

हे सगळं तो, त्याच्या हिशोबाने, अगदी हळू, तिच्या एकटीपुरतं बोलला होता.

रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसलेली तीन माणसं कप हातात धरून, मान वळवून त्याच्याकडे बघत होती.