तीन नावांची एक गाठ

चांगुणाबाईला कंपनीनं अडीच वर्षांत तीनदा जन्माला घातलं होतं, पण बारसं एकदाही केलं नव्हतं.

सातपूरच्या त्या कारखान्यात विजेच्या मोटारी बनत आणि जर्मन भागीदाराकडे रवाना होत. तांब्याच्या तारेची वेटोळी दोऱ्यानं आवळून बांधायची, हे चाळीस बायकांचं काम. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला कायम करायचं, असा आपल्याकडचा कायदा. एकदा कायम केलं की भरपगारी रजा आली, ग्रॅच्युइटी आली आणि बाईला उठसूट घालवता येत नाही. म्हणून दोनशे तीसच्या आसपास दिवस गेले की कामगार अधिकारी धारणकर एकेकीला बोलावून सांगायचे, "पंधरा दिवस घरी बस. येताना दुसरं नाव घेऊन ये." जसं काही नाव म्हणजे भाजीची पिशवी!

पहिल्यांदा चांगुणाबाईनं बहिणीचं नाव दिलं, लताबाई. दुसऱ्यांदा जावेचं, सुलाबाई. त्या दोघी लासलगावला कांदा निवडायच्या, कारखान्याचं तोंडसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं. मागच्या साली चांगुणाबाईला टायफॉइड झाला, तेव्हा विम्याच्या दवाखान्यानं तिला दारातूनच परत पाठवलं. लताबाईचं कार्ड बंद झालेलं, सुलाबाईचं अजून निघायचं होतं, आणि तापलेली होती चांगुणा! कायम होणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं, स्वतःच्या नावानं आजारी पडता यावं.

ती वकिलाकडेही जाऊन आली होती. वकील म्हणाला, "बाई, कागदावर तिघी आहेत. तिघी म्हणजे तुम्ही एकट्याच, हे कशावरून?"

"बघा की माझ्याकडं!"

"कोर्टाला बघून चालत नाही. पुरावा लागतो."

पुरावा कुठून आणायचा? कागद सगळे कंपनीचे, शाई कंपनीची, शिक्काही कंपनीचा.

सुलाबाई म्हणून तिचा दोनशे सव्विसावा दिवस होता, त्या बुधवारी जर्मन साहेब आला. इथं आणखी दोनशे माणसं घ्यायची, तर त्यांच्यामागं कर किती, विमा किती, कायदे कुठले, हे त्याला समजून घ्यायचं होतं. टाइम ऑफिसचा कारकून मल्हारी टिपणं घ्यायला बसला होता. तो चांगुणाबाईच्याच वस्तीतला, बारावीपर्यंत शिकलेला. हजेरीवर तिची तिन्ही नावं त्यानंच आपल्या हातानं लिहिली होती.

थोड्या वेळानं तिला आत बोलावलं. टेबलावर तीन मोटारी होत्या. दर वर्षी आलेल्या मालातली सगळ्यात पक्की मोटार साहेबानं नमुना म्हणून ठेवून घेतलेली. बांधणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी प्रत्येकीला होती. चांगुणाबाई. लताबाई. सुलाबाई. साहेबानं शेवटच्या गाठीवर बोट ठेवलं. दोरा दोनदा फिरवून, मागून खाली घेऊन आवळलेला. चांगुणाबाईची आई गोधडीच्या कोपऱ्याला अशी गाठ मारायची. बाकीच्या बायकांच्या गाठी वाटेत सैल पडत, ही कधीच पडली नव्हती.

"साहेब विचारतायत, या तिघी एकाच ठिकाणी शिकल्या का?" मल्हारी खालमानेनं म्हणाला.

"तिघी कुठल्या? ही सगळी माझीच गाठ हाय. हात बी माझेच."

मल्हारीनं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. धारणकरांचा चेहरा पडला. चांगुणाबाईच्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुरावा! तोही खुद्द साहेबाच्या टेबलावर! आता हा गोरा माणूस धारणकरांना फैलावर घेईल, असं तिला वाटलं. भोळी बिचारी.

साहेब हसला, धारणकरांशी पाच मिनिटं बोलला, आणि तिला चहा देऊन बाहेर पाठवलं.

संध्याकाळी बस थांब्यावर मल्हारीनं तिला गाठलं. "वहिनी, साहेबानं आधी विचारलं, ही एकच बाई ठरली तर कंपनीच्या अंगावर काय काय येईल? धारणकरांनी यादी वाचली. मग साहेब म्हणाला, ही गाठ सगळ्या बायकांना शिकवा. म्हणजे माल पक्का होईल, आणि ती कुणा एकीची ओळख राहणार नाही."

"आन् शिकवायचं कुणी?"

"तुम्ही. शनिवारपर्यंत. सोमवारपासून तुमचा ब्रेक, पंधरा दिवस घरी."

चांगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धारणकर निदान उघडउघड चोर होता. हा पाहुणा तर कायदा विचारायला म्हणून आला आणि पळवाट सांगून मोकळा झाला! तिचं नाव घेतलं, वर्षं घेतली, आता आईच्या हातची गाठही घेणार. "आन् तू रं मल्हारी? माझी तीन नावं लिवताना हात नाय कापला तुझा?"

बस आली, तरी मल्हारी चढला नाही, पायीच वस्तीकडं निघाला. 

गुरुवारी धारणकरांनी सगळ्या बायकांना तिच्यापुढं बसवलं आणि ते ऑफिसात गेले. तिनं दोरा उचलला, आणि परत खाली ठेवला.

"माझी गाठ कुणी मारायची नाय," ती म्हणाली. "कमळाबाई, तुझी आय गाठोडं कसं बांधायची? नवसाबाई, तुझ्याकडं पेठला भाताची पेंढी कशी आवळत्यात? जिची तिची गाठ मारा. पण अशी मारा, की सैल पडली नाय पायजे. आन् उद्या नाव बदललं, तरी गाठ बदलायची नाय."

आधी कुणाला उमगेना. मग कमळाबाईनं उठून दोरा हातात घेतला. तिला तर चार नावं होती.

शनिवारी साहेब तपासायला आला. चाळीस मोटारी, चाळीस गाठी, एकीसारखी दुसरी नाही. त्यानं ओढून पाहिल्या. एकही हलली नाही. माल तर नाकारता येईना. त्याची नजर चिठ्ठ्यांवर गेली. मल्हारीनं प्रत्येक चिठ्ठीवर त्या त्या बाईची आजवरची सगळी नावं ओळीनं लिहिली होती, आणि खाली स्वतःची सही केली होती.

"ही काय थट्टा आहे?" धारणकर ओरडले. "सुलाबाई, सोमवारपासून येऊ नकोस!"

"सुलाबाई लासलगावला कांदं निवडतीय, साहेब. तिला तिकडंच जाऊन सांगा." चांगुणाबाई स्टुलावर बसली आणि तिनं पुढची मोटार ओढली. "चांगुणाचे सहाशे एकोणनव्वद दिवस भरलेत. मोजायचे तर तुमच्याच मालावर मोजा."

आणि तिनं दोरा दोनदा फिरवून मागून खाली घेतला. एकोणचाळीस जणी आपापल्या जागेवर बसल्या. घरी जायची घंटा झाली, तरी एकही उठली नाही.