फेलिमची चिलीम

माझ्या थोरल्या भावाला बाटवलं ते आम्हीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावातले लोक वेगळं सांगतात.

रॉसकॉमन परगण्यात तळ्याकाठी आमची साठ एकर जमीन होती. पणजोबांच्या वेळी अर्धा परगणा आमचा होता. तो इंग्रज शिपायांनी लाटला. उरलेल्या साठ एकरांवरही इंग्रज राजाचा डोळा होताच. कायदाच तसा केलेला. कॅथलिक बाप मेला की जमिनीचे सगळ्या मुलांत सारखे तुकडे, पुढे नातवांत त्या तुकड्यांचे तुकडे. पण थोरला मुलगा बाटून राजाच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गेला, तर सगळी जमीन त्याची एकट्याची.

बाबांनी यातूनच वाट काढली. एका सकाळी त्यांनी फेलिमला आणि मला चुलीपाशी बसवलं.

"फेलिम, तू तिकडे जा. नावापुरता," बाबा म्हणाले. "जमीन अखंड राहील. मी गेल्यावर अर्धी तुझी, अर्धी टाइगची, घर आईचं. मग सवडीनं परत ये, आपले पाद्रीबाबा पदरात घेतील."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"काही नाही. त्या ग्रिम्सला सुगावा लागला की तो कोर्टात जाऊन सगळंच घशात घालील." ग्रिम्स म्हणजे शेजारचा जमीनदार, राजाच्याच पंथाचा; असं खोटं बाटणं उघड करणाऱ्याला ती जमीन कायद्यानंच मिळायची.

"मला नाही जमायचं, बाबा. टाइगला पाठवा ना."

"कायदा थोरल्यालाच ओळखतो, दादा," मी म्हणालो. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आपण सुटलो म्हणून मनातून खूश होतो.

बाबा आणि फेलिम, दोघांनी तळहातावर थुंकून हात मिळवले. कागद केला नाही. केला असता तर तोच आमच्याविरुद्ध पुरावा झाला असता. फेलिमनं जमिनीचा शब्द दिला. बाबांनीही एक शब्द दिला, "या घरात तुला कुणी परकं मानणार नाही."

सुरुवातीला तर मजाच होती. रविवारी फेलिम तिकडे निघाला की आई दारात उभी राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असा गळा काढायची. तो परतला की दार लावून त्याच्या बटाट्यांवर लोण्याचा सगळ्यात मोठा गोळा ठेवायची.

"आई, आज जरा जास्तच झालं हं," फेलिम म्हणायचा. "त्यांचा पाद्री विचारत होता, तुमच्याकडे कुणी गेलं का म्हणून."

"गप खा. उद्या याहून मोठ्यानं रडेन."

आम्ही पोट धरधरून हसायचो.

पण आम्हालाही रविवार होताच. आमची प्रार्थना चोरून, डोंगराआडच्या एका शिळेपाशी व्हायची. तिथे बायका आईपासून दोन हात लांब गुडघे टेकायच्या. मी एका मुलीला मागणी घालायला गेलो तर तिच्या बापानं दारातूनच वाटेला लावलं. "बाटग्याच्या घरात पोरगी देऊ का?" खरं सांगता येत नव्हतं. घरी येऊन महिनाभर मी फेलिमशी बोललो नाही. लोण्याचा गोळा लहान होत गेला, मग बंदच झाला. त्याचा पेला वेगळा ठेवला गेला. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. बाटल्यानंतर आठव्या वर्षी तो दाराजवळच्या स्टुलावर एकटा जेवत होता, आणि बाबा सगळं बघून गप्प होते.

मार्चमध्ये बाबा गेले. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. आमच्यात मयताच्या घरी तंबाखू भरलेल्या मातीच्या चिलमी ताटात घालून फिरवतात. प्रत्येकानं एक उचलायची आणि गेलेल्यासाठी देवाकडे दोन शब्द मागायचे. ताट माझ्या हातात होतं. फेलिम बाबांच्या पायाशी बसला होता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्यासमोरून तसाच पुढे गेलो.

"टाइग," तो हळूच म्हणाला, "माझी राहिली."

"संपल्या."

त्यानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून कोटाची बटणं लावली.

"दफन नीट होऊ दे," तो म्हणाला. "एक मेपर्यंत घर रिकामं करा."

"फेलिम!" आईनं त्याची बाही धरली. "बापाच्या हातावर हात मारून शब्द दिला होतास."

"त्यांनीही दिला होता, आई."

त्यानं बाही सोडवून घेतली. कसला शब्द, असं लोक विचारू लागले, आणि आम्हाला तोंड उघडता येईना.

मेमध्ये आम्ही बाहेर पडलो. दलदलीच्या कडेला अर्धा एकर खंडानं घेतला, तिथेच आई गेली. फेलिम आता ग्रिम्सच्या पंगतीला बसतो. तो परत आमच्यात आला नाही, येणारही नाही. सख्ख्या भावानं दगा दिला, असं मी चारचौघांत सांगतो आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. माझं रक्त अजून उकळतं.

फक्त कुणी चिलीम पुढे केली की मी नको म्हणतो. त्या दिवशी ताटात अकरा उरल्या होत्या. त्यानं त्या पाहिल्या होत्या, आणि मीही.