अडथळ्यांचा तक्ता

नवा जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली, आणि जुन्या कचेरीतला सगळा चेंगटपणाही टेबल-खुर्च्यांबरोबर ट्रकमध्ये भरून आला. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवलेली. अशात वरून एक तक्ता आला. अधिकाऱ्यांचे निर्णय कशापायी अडतात, ते मोजून कळवा; कोणत्या टेबलावर किती दिवस आणि का.

हे मोजायचं काम हेडक्लार्क माणिकप्पाच्या गळ्यात पडलं. नमुन्यादाखल त्यानं उदगीरकडच्या धोंडवाडीच्या टँकरची फाइल काढली, कारण त्या गावचा दगडोबा रोज पायरीवर बसून त्याचा जीव खात होता. गावची विहीर आटली होती. ओढ्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी पिऊन अर्धं गाव हगवणीनं लोळत होतं.

माणिकप्पा बोट ठेवून मोजू लागला. तहसील, तीन दिवस. पाणी शाखा, सहा. गाव जुन्या जिल्ह्यात की नव्या, या घोळात नऊ. कचेरीचे मुख्य व्यंकटराव साहेब, त्यांच्याकडं चार. समासात शेरा, 'चर्चा करावी.' चर्चा कुणी केली नाही, हे सांगायलाच नको. आणि त्याच्या स्वतःच्या टेबलावर?

एकोणीस.

का, तर साहेब दौऱ्यावर. पण साहेब नसताना टंचाईच्या आदेशावर हेडक्लार्कनं साहेबांच्या 'करिता' सही करावी, असं परिपत्रक होतं. माणिकप्पानंच ते गोंद लावून वहीत चिकटवलं होतं. मात्र बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकच धर्म पाळला होता, सही केली की मान अडकते. रोज लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून हाच माणूस त्या फाइलीवर पेपरवेट ठेवत होता. त्याला स्वतःची किळस आली. तोंडातलं पान त्यानं खिडकीतून थुंकून टाकलं.

"अप्पा, आज तरी हुईल का?" दगडोबा दारातून म्हणाला. "धाकटी नात परवा गेली. थोरलीला सलाइन लावून ऱ्हायलेत."

साहेब आजही दौऱ्यावरच होते. माणिकप्पानं पेनचं टोपण काढलं, 'करिता' लिहून सही केली, शिक्का मारला.

"घे. शेजारच्या खोलीत दे. टँकर आजच निघंल."

दगडोबा कागद उलटा-सुलटा करून बघत राहिला.

"एवढंच व्हतं, अप्पा?"

माणिकप्पाला त्याच्याकडं बघवेना. तो तक्त्यावर वाकला. निर्णयाला लागलेला वेळ : अर्धं मिनिट. अडथळा काय, या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.