पूजेचा कॉम्प्युटर

"दीपा," आतून परीक्षा घ्यायला आलेल्या सरांनी पुन्हा हाक मारली.

दीपा अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. ती हलली नाही. दारात खुर्ची टाकून तिचे आजोबा रंगनाथआबा बसले होते. मान न वळवताच ते म्हणाले, "फुडची घ्या, सर."

"पुढची कुणी नाही, हीच राहिलीय. आता लाईट जाईल, आणि मला नगरची एसटी गाठायचीय."

"मंग ऱ्हाऊ द्या."

मी शेजारच्या बालवाडीच्या दारात पोरांना उसळ वाढत होते. एवढं ऐकलं आणि माझी पळी पातेल्यातच थांबली. दीपाची परीक्षा राहिली म्हणजे काय होणार, हे सगळ्या अंगणाला ठाऊक होतं. पास झाली तर कॉम्प्युटर शिकवणारी संस्था तिला नगरच्या वसतिगृहात ठेवून पुढचा कॉम्प्युटर कोर्स करू देणार होती. नाही झाली, तर वैशाखात लग्न. मुलगा सुप्याकडचा, जमीन बागायती, वय मात्र दीपाच्या दीडपट. आबांनी शब्द दिला होता, की पोरगी पास झाली तर मी सुप्याच्या स्थळाला नकार कळवीन. आबा शब्दाचे पक्के. पण दुसऱ्या शब्दालाही ते तेवढेच पक्के होते, तिथंच घोडं पेंड खात होतं.

तो दुसरा शब्द असा. आमच्या गावात, पारनेरच्या त्या कोरड्या अंगाला, संस्थेची जयमाला आली ती एक कॉम्प्युटर घेऊन. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पोरींना आरोग्याचं शिकवायचं आणि कॉम्प्युटरचंही, असं तिचं काम. जागा कुणी देईना. शेवटी आबांनी आपल्या अंगणातली कांद्याची खोली रिकामी करून दिली. पोरी तरी कुठे येत होत्या? आया म्हणायच्या, त्या पेटीतून कायबाय किरणं येत्यात. मग खंडेनवमीला आबांनी विळे, कोयते, कुदळी मांडल्या आणि म्हणाले, "ह्याची बी पूजा करू. हत्यारच हाय की." जयमालाला ते फारसं पटलं नव्हतं. पण झेंडूची माळ पडली, पडद्याच्या वर कुंकवाचं बोट लागलं, आणि दुसऱ्या आठवड्यात खोली पोरींनी भरली. ती मला म्हणाली होती, "भागूबाई, बघा, गावानं त्याला आपलं म्हटलं."

म्हटलं खरं, पण देव्हाऱ्यासारखं. आबांनी लगोलग नियम घातला, की पूजेची खोली आहे, जी बाजूला बसली असेल तिनं उंबरा ओलांडायचा नाही. जयमालानं तो घोट गिळला. तेव्हापासून आमची अशी तऱ्हा, की भिंतीच्या अलीकडे माझ्या बालवाडीत ती पोरींना सांगायची, पाळी म्हणजे विटाळ नाही, फडकी लपवू नका, उन्हात वाळवा. आणि भिंतीच्या पलीकडे त्याच पोरी महिन्याचे चार दिवस लिंबाखाली बसायच्या. कोण कधी बसलं, ते रस्त्यानं जाणाऱ्या गड्यांनाही कळायचं. मला तर संताप यायचा. मी तिला तोंडावर म्हणाले होते, "तुझी ती पूजा तुझ्याच गळ्यात आली बाई."

आणि आज परीक्षेच्या दिवशी नेमका दीपाला कावळा शिवला होता. लपवणार कशी? घरात पहाटेपासून ती पडवीत तरटावर बसलेली, ताटली वेगळी, तांब्या वेगळा. तिला लिंबापर्यंत आणलं होतं तेच मुळी तिच्या आजीनं, आक्काबाईंनी. आबांना न विचारता, चार हात अंतर ठेवून.

"अवो, एक डाव जाऊ द्या की तिला," आक्काबाई हळूच म्हणाल्या. "पोर रातभर घोकत हुती."

"मी आज माझ्या नातीला सोडू, आन् उद्या गावच्या पोरींना कोन्त्या तोंडानं अडवू?"

सर शहाणे, पण बिचारे नगरचे. ते म्हणाले, कीबोर्ड बाहेर आणू, तिनं अंगणातून टाईप करावं. वायर ताणून पाहिली तर ती उंबऱ्याच्याही आतच संपली. एक पोरगी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. दीपा जमिनीकडे बघत होती. तिची बोटं मात्र परकराच्या घडीवर हलत होती, एकेक अक्षर दाबल्यासारखी.

तेवढ्यात जयमाला खोलीतून दारात आली.

"आबा, ती आत आली तर कॉम्प्युटर बाटेल, असंच ना?"

"असंच."

"मग तो केव्हाच बाटलाय."

आबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"मी दर महिन्याला आत येते. खंडेनवमीपासून एकदाही बाहेर बसले नाही. आजसुद्धा मी बाजूलाच आहे, आणि सकाळपासून त्याला हात लावतेय."

बाईमाणसानं गड्यांसमोर असं बोलायचं नसतं. अंगणात दोन-तीन बाप्ये उभे होते, त्यांनी माना फिरवल्या. आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. मी मात्र पळी हातात धरून दगडासारखी उभी राहिले, कारण मला खरं ठाऊक होतं. जयमाला माझ्याच घरी मागच्या खोलीत राहायची. तिच्या पोटावरचा आडवा व्रण मी पाहिला होता. लग्नानंतर वर्षभरात पोटात दुखतं म्हणून तिला कुठल्याशा डॉक्टरकडे नेलं, त्यानं पिशवीच काढून टाकली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला राजूरला माहेरी आणून सोडलं. पोरींना ती घसा फोडून सांगायची, की पोट दुखलं तर पिशवी काढायला धावू नका, आधी मला सांगा. ते उगाच नव्हतं. जिला पाळी आठवणीपुरतीच उरली होती, ती बाई सगळ्या गावापुढे सांगत होती, मी बाजूला आहे.

आबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"भागूबाई, तुझ्या घरात ऱ्हाते ही. खरं हाय का हे?"

मी उभ्या जन्मात आबांशी खोटं बोलले नव्हते. बालवाडीची जागाही त्यांचीच. जयमालानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दीपाकडे बघत होती.

"व्हय आबा," मी म्हणाले. "खरं हाय."

"आन् तू बोलली न्हाईस."

"न्हाई बोलले."

आबांनी वळून आत पाहिलं. पडद्याच्या वरचं कुंकू वाळून काळं पडलं होतं, त्याखाली पडदा उजळलेला होता.

"इतके म्हैने बाटलेला, आन् तरी चालतोय?"

"चालतोय, आबा," जयमाला म्हणाली.

ते उठले. खुर्ची उचलून बाजूला ठेवली. "बाटलाय तर बाटलाय. जा गं पोरी, लाईट जायच्या आत उरक." दीपा चपला काढून, आबांना शिवणार नाही अशी अंग चोरून आत गेली. आबा जयमालाला म्हणाले, "उद्या खोली रिकामी कर. माझ्या दारात बसून मला फशिवलंस तू."

"करते," ती म्हणाली.

आत दीपाची बोटं आधी अडखळली, मग चालायला लागली. आक्काबाई लिंबाला टेकून त्या आवाजाकडे कान लावून होत्या. शेवटी सरांनी पडद्यावरच तिचा पेपर तपासला आणि फ्लॉपी काढून खिशात घातली. त्यांच्या पायात चपला जाईपर्यंत लाईट गेली. उंबऱ्याशी थांबून ते म्हणाले, "पास आहे." आबांनी ऐकलं. घराकडे जाता जाता ते आक्काबाईंना म्हणाले, "सुप्याला निरोप धाड. न्हाई म्हनून."

माझ्या गालावरून पाणी ओघळलं ते मला कळलंच नाही, पोरं उसळ मागत होती.

घरी आल्यावर मी तिच्यावर उखडले. म्हटलं, "तुला दुसरं काही सुचलं नाही? आता गावात तुला पाणीसुद्धा कुणी देणार नाही."

"तुम्ही द्याल की," ती म्हणाली. मग म्हणाली, "भागूबाई, तुम्हाला मी खोटं बोलायला लावलं. त्याचं मात्र वाईट वाटतंय."

सकाळी संस्थेचा टेम्पो यायचा होता. मी उठून खोलीकडे गेले तर जयमाला आधीच तिथं होती. कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून दाराशी ठेवला होता. आणि खोलीच्या खिळ्यापासून लिंबापर्यंत, भर रस्त्यावर दिसेल अशी, तिनं दोरी बांधली होती. दोरीवर धुतलेली पांढरी सुती फडकी वाळत होती. आरोग्याच्या वर्गात घडी घालून दाखवायची, तीच.

"ही कुणाची गं?" मी विचारलं.

"माझी," ती म्हणाली. फडकं झटकून तिनं त्याचे कोपरे नीट केले.

आबा रानाकडे निघाले होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि निघून गेले. आता त्यांना कसलीच शंका उरणार नव्हती. पडवीत तरटावर बसलेली दीपा मात्र सगळं बघत होती. थोड्या वेळानं ती उठली, छपराच्या वळचणीला खोचलेली आपली ओली फडकी काढली आणि अंगणात आली. जयमालानं दोरीवरची आपली फडकी एका बाजूला सरकवली आणि तिला जागा करून दिली.