तीन मिनिटांचा बाप

सासरेबुवांनी दार आपटलं आणि अख्खी भिंत थरथरली. प्लायवूडचीच ती, थरथरणारच. दिग्दर्शक पोरगेलासा होता; म्हणाला, काका, भिंत सांभाळा, पण राग तेवढाच राहू द्या. सासरेबुवांनी मान डोलावली, भुवया खाली ओढल्या आणि पुन्हा आपटलं. या वेळी भिंत टिकली. दाराबाहेर बॅग घेऊन उभ्या असलेल्या नटीच्या डोळ्यांत पाणी आलं, मोठ्या पंख्याच्या वाऱ्यावर तिचे केस उडाले आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

सासरेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गाण्यांच्या व्हिडिओंत मुलीचा बाप म्हणून इतकी वर्षं उभे राहिल्यावर सेटवरच्या लोकांनी ते चिकटवलं होतं. या धंद्याचे नियम त्यांना तोंडपाठ होते. मुखड्याला नजरानजर. पहिल्या कडव्यात दोघं कुठल्या तरी पुलावर. दुसऱ्या कडव्यात बाप. मध्येच गायक गच्चीवर गिटार घेऊन गातो. त्याचा या घराशी काडीचा संबंध नसतो, पण ते विचारायचं नाही. मुलीचे केस बंद खोलीतही उडतात, तेही विचारायचं नाही. बापाला बोलायला एक शब्द मिळत नाही, जे काय करायचं ते भुवयांनी. शेवटच्या कडव्यात मात्र बाप विरघळतो. दार उघडतो, मुलीच्या हातातली बॅग घेतो आणि बाजूला सरून तिला आत येऊ देतो. हा शॉट म्हणजे सासरेबुवांचा जीव की प्राण, आणि नेमका तोच कोणाला दिसत नसे. गाणं तीन मिनिटांत बसवायचं असलं की कात्री चालायची ती बापाच्या मायेवर. दार आपटणं कोणी कापत नाही.

त्यांची याबद्दल कधी तक्रार नव्हती. ते कामाला होते तो छापखाना बंद पडला तेव्हा याच भुवयांनी घर सावरलं होतं. लेकीचं शिक्षण झालं, बायकोचं औषधपाणी झालं. दाढी करताना ते आरशात बघून भुवयांना चक्क म्हणत, तुमचे फार उपकार आहेत बायांनो, अशाच टिकून राहा.

पण आज हात जड झाला होता. सकाळी निघताना बायकोने सांगितलं होतं की रविवारी लेक एका मुलाला घरी आणते आहे. लग्न करायचं म्हणतात दोघं. ओळख दोन वर्षांची. मग दोन वर्षं लपवलं कशाला, असं त्यांनी विचारलं, तर बायको भांडी लावता लावता म्हणाली, "तुम्हाला घाबरते ती."

जगातल्या सगळ्या पोरी घाबरल्या असत्या तरी चाललं असतं. पोटची लेक घाबरते हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तिला कधी साधी चापट मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. बोलणं कमी, हे खरं. दिवसभर भुवया ताणून आल्यावर ते पेपरामागे बसत, तेही खरं. पण म्हणून घाबरायचं?

रविवारपर्यंत त्यांनी हसण्याचा सराव केला. बायकोने एकदाच पाहिलं आणि हात जोडले. नका हो, म्हणाली, त्यापेक्षा रागावलेले बरे दिसता.

रविवारी बेल वाजली. मुलगा उंच, किडकिडीत, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं आणि अंगात घडीच्या खुणा न गेलेला नवा शर्ट. लेक त्याच्या अर्धं पाऊल पुढे उभी होती. दार अंगावर आलंच तर आधी आपल्यावर यावं, अशी. सासरेबुवांनी दोघांना आत घेतलं आणि दार लावलं, तेही इतकं हलक्या हाताने की ते लागलंच नाही, पुन्हा ढकलावं लागलं.

पाणी झालं, चहा झाला. बायकोने घरच्यांची चौकशी केली. आई शाळेत शिकवते, धाकटी बहीण आहे, असं मुलगा नीट सांगत होता. सासरेबुवांना मात्र एक वाक्य सुचेना. वर्षानुवर्षं न बोलण्याचा पगार घेतलेला माणूस, ऐन वेळी शब्द आणणार कुठून? शेवटी लेकच बोलली.

"बाबा, एक विचारू? मनात नसताना इतका खरा राग कसा आणता?"

मग ती बोलतच गेली. शाळेत मैत्रिणी चिडवायच्या. प्रत्येक गाण्यात तिच्याएवढी एक मुलगी दाराबाहेर आणि आत बाबा. आपली पाळी येईल तेव्हा काही वेगळं होईल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"शेवटी उघडतो गं मी दार," सासरेबुवा म्हणाले.

"मी तर कधी पाहिलं नाही."

कापलेल्या शॉटची साक्ष काढायची कोणाकडून?

"उघडतात. मी पाहिलंय," मुलगा म्हणाला.

तो एडिटिंगच्या ऑफिसात कामाला होता. ही बहुतेक गाणी त्यांच्याकडेच यायची. लेकीला पहिल्यांदा भेटला तेव्हा तिच्या भुवया पाहूनच त्याने विचारलं होतं, तू त्या काकांची कोण? आता तो खुर्चीच्या कडेला सरकला.

"ते शॉट मीच कापतो, काका. माफ करा. तीन मिनिटांच्या वर गाणं जाऊच देत नाहीत."

"आणि तुला माझी भीती नाही वाटली?"

"कापायच्या आधी सगळं बघावं लागतं ना."

मग त्याने सांगितलं. 'कट' म्हटल्यावरही कॅमेरा जरा वेळ चालू राहतो. त्या वेळात काका नटीला विचारतात, दारात बोटं सापडली नाहीत ना? तिच्यासाठी खुर्ची ओढून आणतात. एकदा रडायच्या शॉटनंतर पोरीचं रडू थांबेना, तर काका तिच्या शेजारी नुसते बसून राहिले होते. वर्षभर तो लेकीला सांगत होता, तुझे बाबा तसे नाहीत, चल. आज तिला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

सासरेबुवांना भरून आलं. आपल्याला कोणी इतकं बघितलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. जन्मात कोणाचे इतके उपकार वाटले नव्हते, आणि हा तर माफी मागत बसलेला.

"बरं झालं रे बाबा," ते म्हणाले, "तुझ्या हाती लागलो."

बायकोने डोळे पुसले आणि लगेच मुलाला फर्मावलं, ते तुकडे आम्हालाही आणून दाखव. मुलाचा चेहरा पडला. ऑफिसबाहेर काही नेता येत नाही, म्हणाला, आणि गाणं चॅनेलवर गेलं की उरलेलं पुसून टाकतात.

"राहू दे," लेक म्हणाली.

ती उठली, आपली खुर्ची बाबांच्या अगदी समोर आणून ठेवली आणि बसून त्यांच्याकडे बघू लागली. सवयीने त्यांची नजर बाजूला गेली. मग त्यांनी ती परत आणली.

बायको आत गेली होती. तिथूनच तिने हाक दिली, "अहो, त्याला जेवून जायला सांगा."

"तूच सांग," सासरेबुवा म्हणाले. "मला आत्ता इथून नजर हलवता येत नाही."